समुद्रातल्या बॅक्टेरियांनी एवढे जीन्स टाकून का दिले?

आबोली:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीला बीएस्सीच्या मुलांना मायक्रोबायॉलॉजी शिकवते. जिनोम (म्हणजे जीवाचा अख्खा डीएनए) लहान होत जाण्याबद्दल आमच्या पुस्तकात जेमतेम एक पान आहे आणि त्यातली सगळी उदाहरणं परजीवी नाहीतर दुसऱ्याच्या पेशीत राहणाऱ्या बॅक्टेरियांची. मावा किडीच्या अंगातली बुकनेरा, कुष्ठरोगाचा मायकोबॅक्टेरियम लेप्री, अशी. तर्क सरळ आहे, यजमानाकडून सगळं आयतं मिळतं, मग जीन्सची गरज उरत नाही, ते बिघडतात आणि हळूहळू गळून जातात. मुलांना हे लगेच पटतं.

पण यावर्षी मी सार-११ या समुद्री बॅक्टेरियांच्या गटातला पेलाजिबॅक्टर शिकवायला घेतला आणि तिथे हे सगळं अडलं. हा उघड्या समुद्रात एकटा तरंगतो, कोणाच्या पेशीत नाही, कोणाचं रक्त पीत नाही, आणि तरी जिनोम फक्त १३ लाख बेस जोड्यांचा (डीएनएची अक्षरंच म्हणा), जीन्स साडेतेराशेच्या आसपास. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा ४६ लाखांचा आहे, म्हणजे साडेतीन पट. वर्गात एका मुलीने विचारलं की मॅडम मग हा पण बिघडलेलाच समजायचा का. आणि दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. याच्याकडे सल्फेट वापरायचे जीन्स नाहीत म्हणे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं! जी गोष्ट चहूबाजूंनी भरलेली आहे तीच वापरायचे जीन्स कोणी का सोडेल? हे वर्गात नीट कसं मांडायचं, प्लीज सविस्तर सांगा.

शेवाळ:
आबोलीताई, फार छान प्रश्न. माझं काम प्रोक्लोरोकॉकस या दुसऱ्या समुद्री बॅक्टेरियावर आहे त्यामुळे जरा लांबण लागणार, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे "बिघडलेला" हा शब्द इथे अजिबात लागू होत नाही आणि ते जिनोमकडे नुसतं बघून दाखवता येतं. तुम्ही लेप्रीचं उदाहरण दिलंय ना, तेच घ्या. २००१ साली त्याचा जिनोम वाचला तेव्हा ३२-३३ लाख बेस जोड्यांमधे चालू जीन्स सोळाशेच्या आसपास सापडले आणि मोडके, निकामी झालेले जीन्स अकराशेच्या वर! निम्म्याहून जास्त जिनोम कामाचा नाही. आता पेलाजिबॅक्टर बघा, २००५ साली स्टीफन जिओव्हानोनींच्या गटाने तो प्रसिद्ध केला. मोडका जीन एक नाही. उड्या मारणारे ट्रान्स्पोझॉन नाहीत, जुन्या व्हायरसचे तुकडे नाहीत, आणि दोन जीन्समधल्या मोकळ्या जागेचा मध्यक किती, तर ३ बेस. तीन! एक जीन संपला की लगेच पुढचा सुरू. आणि इतकं असून २० च्या २० अमिनो आम्लं बनवायचे मार्ग जिनोममधे आहेत (ग्लायसीनचं थोडं अवघड आहे, ते बाहेरून मिळालं तरच नीट वाढतो). परजीवी सगळ्यात आधी हेच मार्ग घालवून बसतात. म्हणजे नुसते किती जीन्स गेले हे मोजून भागत नाही, काय गेलं आणि काय राखलं ते बघायला लागतं.

मग हे झालं का? समुद्राचा वरचा थर, विशेषतः अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रासारख्या ठिकाणी, अन्नाच्या बाबतीत वाळवंट आहे. फॉस्फेट तिथे नॅनोमोलरमधे मोजतात, म्हणजे अगदी नाममात्र. आणि डीएनएच्या प्रत्येक न्यूक्लिओटाइडला, म्हणजे जोडीतल्या प्रत्येक अर्ध्याला, एक फॉस्फरस लागतो, म्हणजे १३ लाख जोड्यांना २६ लाख अणू, ई. कोलायच्या जिनोमला ९२ लाख. बाकीच्या पेशीच्या मानाने हा खर्च लहान वाटेल पण या पेशीच इवल्याशा आहेत, प्रोक्लोरोकॉकसमधे फॉस्फरसची टंचाई असताना पेशीतल्या एकूण फॉस्फरसपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या डीएनएत अडकलेला असू शकतो. त्याने तर पेशीच्या पडद्यातले फॉस्फोलिपिड (फॉस्फरस असलेले स्निग्ध पदार्थ) पण बरेचसे काढून त्याजागी गंधक असलेले लिपिड घातलेत, कारण गंधकाला समुद्रात तोटा नाही. नायट्रोजनचं पण तसंच. डीएनएच्या जोड्या दोन प्रकारच्या, जीसी जोडीत नायट्रोजनचे ८ अणू, एटी जोडीत ७. पेलाजिबॅक्टरचं जीसी प्रमाण ३० टक्क्यांच्या जरा खालीच. शिवाय पेशी जितकी बारीक तितका तिचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा, विरळ पाण्यातून अन्न टिपायला ते सोयीचं, आणि बारीक पेशीत मोठा जिनोम ठेवायचा कुठे?

याला स्ट्रीमलायनिंग म्हणतात. नैसर्गिक निवड एवढी काटेकोर की फुकटचा एक तुकडा बाळगणारा पण मागे पडतो. पण अशी बारीक निवड चालायला लोकसंख्या अफाट लागते, आणि ती आहे. सार-११ च्या पेशी जगभरात २ वर २८ शून्यं इतक्या असाव्यात असा अंदाज आहे, प्रोक्लोरोकॉकस त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

नवखा_कुणाल:
हे वाचून आजचा दिवस सार्थकी लागला. एक शंका, हे प्रोक्लोरोकॉकस म्हणजे शेवाळच ना? मग त्याला बॅक्टेरिया का म्हणताय?

शेवाळ:
@कुणाल, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा बॅक्टेरिया. पेशी अर्ध्या ते पाऊण मायक्रोमीटरची. इतका बारीक की १९८० च्या दशकापर्यंत कोणी ओळखलाच नव्हता, सॅली चिझम, रॉबर्ट ऑल्सन वगैरे मंडळींनी फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी मोजणारं यंत्र, बोटीवर चढवला तेव्हा तो सापडला आणि १९८८ साली पेपर आला. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणारा सगळ्यात जास्त संख्येचा जीव हाच.

पंतोजी:
शेवाळ यांचा प्रतिसाद सुरेख आहे पण मला त्यातलं शेवटचं पाऊल पटत नाही आणि वर्गात शिकवायचं असेल तर तिथे थांबून विचार करायला हवा असं कळकळीने वाटतं. जे काही लहान आहे ते निवडीनेच झालं, कारण लहान असण्याचे फायदे आपल्याला सुचतात, हा तर्क उत्क्रांतीच्या अभ्यासात फार वेळा दगा देतो.

लोकसंख्या अफाट आहे म्हणून निवड काटेकोर, हे म्हणताना आपण पेशी मोजतो. पण निवड किती बारीक चालेल हे पेशींच्या आकड्यावर ठरत नाही, परिणामकारक लोकसंख्येवर ठरतं, म्हणजे लांबच्या काळात ज्यांचा वंश खरंच पुढे जातो तेवढ्यांच्या आकड्यावर. हाँगकाँगच्या हायवेई लुओंच्या गटाने प्रोक्लोरोकॉकसच्या एका स्ट्रेनच्या (वाणाच्या) पुष्कळ ओळी लॅबमधे पिढ्यानपिढ्या वाढवून म्युटेशनचा वेग मोजला. हे किती चिकाटीचं काम आहे ते प्रोक्लोरोकॉकस वाढवणाऱ्यालाच कळेल. २०२२ साली छापून आलं. वेग निघाला जवळपास ई. कोलाय इतकाच, आणि त्यावरून काढलेली परिणामकारक लोकसंख्या १ कोटी ७० लाखांच्या घरात. कुठे २ वर २७ शून्यं इतक्या पेशी आणि कुठे पावणेदोन कोटी!

त्याच गटाचं २०१७ चं काम पण बघा. एका अमिनो आम्लाच्या जागी अगदी वेगळ्याच स्वभावाचं अमिनो आम्ल येणं हे बहुतेक वेळा प्रोटीनला मारक असतं, निवड ते छाटून टाकते. ज्या समुद्री वंशांचे जिनोम आक्रसले त्यांच्यात नेमके असे बदल जास्त साचलेले दिसतात. म्हणजे जिनोम लहान होण्याच्या काळात छाटणी ढिली होती, ड्रिफ्टचं म्हणजे निव्वळ योगायोगाचं राज्य होतं. २०२१ मधे त्यांनी याची सांगड क्रायोजेनियन काळाशी घातली, ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळजवळ सगळी बर्फाखाली गेली होती तेव्हा, प्रोक्लोरोकॉकसच्या पूर्वजांची संख्या घसरली आणि जीन्स गळाले असं त्यांचं म्हणणं आहे.

आणि ते जीसी प्रमाण कमी असण्याचं, त्याला नायट्रोजनची बचत हे एकच कारण नाही. डीएनए दुरुस्त करणारे काही जीन्स प्रोक्लोरोकॉकसच्या आक्रसलेल्या वंशांतून गेलेत. दुरुस्ती ढिली झाली की म्युटेशन्स जीसीकडून एटीकडे झुकतात, आपसूक. बुकनेराचं पण जीसी २६ टक्के आहे आणि ती माव्याच्या अंगात साखरेत डुंबत असते, तिला कुठे समुद्राच्या वाळवंटाची टंचाई आहे.

शेवाळ:
पंतोजी, २०१७ चं काम मला मान्य आहे, परिणामकारक लोकसंख्येचा मुद्दा तर अगदीच. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला पाहिजेत, एक म्हणजे आक्रसणं सुरू कसं झालं आणि दुसरं म्हणजे आज ते तसं टिकलंय कशामुळे. कोट्यवधी वर्षांपूर्वी संख्या घसरली असेल, मोठे तुकडे योगायोगाने गेले असतील, ठीक. पण त्यानंतर एवढा काळ गेला. सार-११ मधे ती ३ बेसची मोकळी जागा आणि शून्य मोडके जीन्स हे निव्वळ ड्रिफ्टने होत नाही हो, ड्रिफ्टने कचरा साचतो, लेप्रीसारखा. आणि १ कोटी ७० लाख हा आकडा पेशींच्या मानाने लहान असला तरी निवडीच्या दृष्टीने काही लहान नाही, माणसाची परिणामकारक लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास धरतात. शिवाय तो आकडा प्रोक्लोरोकॉकसचा आहे, सार-११ ला जसाच्या तसा लावता येणार नाही. दोघे वेगवेगळ्या वाटेने लहान झाले असतील हे पूर्ण शक्य आहे आणि मला वाटतं विद्यार्थ्यांना हेच सांगावं.

पंतोजी:
वेगवेगळ्या वाटा, हे मान्य. माझा आग्रह इतकाच की लहान जिनोम दिसला की कारण त्याच्या लहानपणावर लिहिलेलं नसतं. बुकनेरा, पेलाजिबॅक्टर, प्रोक्लोरोकॉकस, तिघांचे जिनोम लहान आणि तिघांचंही जीसी प्रमाण कमी होऊ शकतं, पण तिथवर येण्याच्या गोष्टी तीन.

दोनापावला:
सल्फेटचा प्रश्न राहूनच गेला की! मला तोच सगळ्यात आवडला.

ताई, सल्फेट भरपूर आहे पण ते वापरणं महाग आहे. पेशीला अमिनो आम्लांसाठी गंधक सल्फाइडच्या रूपात पाहिजे असतं, एका सल्फेटचं सल्फाइड करायला ८ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात आणि वर एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) जातं ते वेगळंच, शिवाय त्यासाठी एन्झाइमांची अख्खी साखळी बनवून ठेवायची. दुसरीकडे समुद्रातली शेवाळं डीएमएसपी नावाचं गंधकाचं संयुग ढिगाने बनवतात, ती मेली किंवा कोणी खाल्ली की ते पाण्यात सुटतं आणि त्यातलं गंधक आधीच क्षपण झालेलं असतं, ते इलेक्ट्रॉन आधीच मिळालेले. म्हणजे तयार माल. सार-११ ने तोच घ्यायचं धोरण ठेवलं आणि सल्फेटची साखळी सोडून दिली. २००८ साली हे प्रयोगाने दाखवलंय, नुसत्या सल्फेटवर तो वाढतच नाही, डीएमएसपी किंवा मेथिओनीनसारखं काहीतरी द्यावं लागतं. तेव्हा "यजमान नाही" हे खरं पण "आयतं मिळत नाही" हे खरं नाही. आख्खा शेजार आयतं देतोय.

यातून पुढे एक सुंदर कल्पना आली, २०१२ साली जेफ्री मॉरिस, रिचर्ड लेन्स्की आणि एरिक झिन्सर यांनी मांडली. उन्हाने समुद्राच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं, पेशींना ते विष. ते फोडायला कॅटालेज हे एन्झाइम लागतं. प्रोक्लोरोकॉकसकडे कॅटालेजचा जीनच नाही! लॅबमधे एकटा ठेवला तर पेरॉक्साइडने मरतो, सोबत अल्टेरोमोनाससारखे कॅटालेजवाले बॅक्टेरिया असले तर मजेत वाढतो. कारण पेरॉक्साइड पडद्यातून आरपार जातं, शेजाऱ्याने स्वतःसाठी फोडलं तरी आजूबाजूचं सगळं पाणी स्वच्छ होतं. मग ज्याच्याकडे जीन आहे तो सगळ्यांसाठी राबतो आणि ज्याने टाकला त्याची बचत. आपण लहानपणी गुलामचोर खेळायचो ना, प्रत्येकाची धडपड एकच, शेवटी गुलाम आपल्या हातात राहू नये. अगदी तसं, फक्त इथे कोणाच्या तरी हातात तो राहायलाच हवा नाहीतर सगळेच मरतील. त्यांनी हार्ट्स खेळातल्या इस्पिकच्या राणीवरून याला ब्लॅक क्वीन नाव दिलंय.

महत्त्वाचं म्हणजे हे फक्त "गळणाऱ्या" कामांना लागू पडतं, ज्यांचा फायदा पेशीच्या बाहेर सांडतो अशा. पेशीच्या आतच राहणारं काम असं टाकता येत नाही. कुठला जीन जाईल आणि कुठला नाही याबद्दल आधीच काहीतरी ठामपणे म्हणता येतं, तपासता येतं, म्हणून मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

आबोली:
किती सुंदर लिहिताय सगळे, मनापासून आभार. शेजारामुळे सल्फेटचं कोडं सुटलं माझं. आता एक पुढचं. सगळे जर जीन्स टाकतच आहेत तर नवीन परिस्थिती आली की हे काय करतात? प्रोक्लोरोकॉकस वरच्या लख्ख उजेडात पण असतो आणि दोनशे मीटर खाली अंधुक प्रकाशात पण, असं वाचलंय. १७००-१८०० जीन्सवर हे सगळं कसं जमतं?

शेवाळ:
एका पेशीला जमतच नाही! एकच प्रोक्लोरोकॉकस सगळं करत नाही हो. २००३ साली दोन स्ट्रेन्सचे जिनोम एकत्र प्रसिद्ध झाले. मेड४, भूमध्य समुद्रात ५ मीटरवरून आणलेला, १६.६ लाख बेस जोड्या, जीसी ३१ टक्के. आणि एमआयटी९३१३, गल्फ स्ट्रीममधे १३५ मीटर खोलीवरचा, २४ लाख, जीसी ५१ टक्के. रायबोसोमच्या आरएनएवरून (बॅक्टेरियांची नाती त्यावरूनच जोडतात) बघाल तर दोघांत ३ टक्क्यांचा पण फरक नाही, एकाच प्रजातीचे म्हणून खपतील, आणि जीन्स सतराशे विरुद्ध बावीसशेच्या वर. वर राहणाऱ्याने खूप टाकलंय, खालच्याने बरंच राखलंय.

आणि हे नुसतं वर-खाली असं दोन भागांत पण नाही. २०१४ साली बर्म्युडाजवळच्या पाण्यातल्या एकेका पेशीचा जिनोम स्वतंत्र वाचला गेला. तर एकाच बादलीभर पाण्यात प्रोक्लोरोकॉकसच्या शेकडो उपजाती शेजारी शेजारी, प्रत्येकीचा स्वतःचा ठरलेला जीन्सचा संच, आणि त्या लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. सगळ्यांच्यात सामाईक जीन्स हजाराच्या आसपास. पण सगळ्या प्रोक्लोरोकॉकसचे मिळून वेगवेगळे जीन्स किती असतील, तर अंदाज आहे ८० हजारांच्या वर. माणसाच्या चौपट! एकेक पेशी फाटकी, वस्ती गडगंज.

जुन्या गेलेल्या जीन्सच्या जागी नवीन येतात ते बहुतेक जिनोममधल्या ठरावीक बेटांवर येऊन बसतात. आणायचं काम फेज म्हणजे बॅक्टेरियांचे व्हायरस करतात, सायनोफेज तर प्रकाशसंश्लेषणाचे जीन्स स्वतःबरोबर घेऊन फिरतात, म्हणजे संसर्ग झालेली पेशी मरेपर्यंत त्यांच्यासाठी उजेड पकडत राहील. शिवाय प्रोक्लोरोकॉकस स्वतः पडद्याच्या बारीक पिशव्या पाण्यात सोडतो, त्यांच्यात डीएनए सापडलाय. आणि २०२३ मधे टायकेपोझॉन नावाचे एका जागेवरून दुसरीकडे जाणारे तुकडे सापडले, नायट्रोजन, फॉस्फरस, लोह मिळवण्याचे जीन्स वाहून नेणारे.

दोनापावला:
यात आपल्या अरबी समुद्राची भर घालतो. अरबी समुद्रात साधारण शंभर-दीडशे मीटरच्या खाली प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड पट्टा आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या अशा पट्ट्यांपैकी एक. २००० साली दाखवलं गेलं की त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, जिथे उजेड अगदी जेमतेम पोचतो, तिथे प्रोक्लोरोकॉकसची दुसरी दाट वस्ती आहे, वरच्या वस्तीपासून वेगळी. मेक्सिकोच्या पश्चिमेच्या पॅसिफिकमधे पण तसंच. रत्नागिरीच्या मुलांना हे उदाहरण जवळचं वाटेल, आपल्याच किनाऱ्यापासून पश्चिमेला खोल पाण्यात चालू असलेली गोष्ट आहे.

पंतोजी:
वर्गात उलटं उदाहरण पण नक्की द्या ताई नाहीतर मुलं समजतील की समुद्र म्हटला की जिनोम लहानच. ट्रायकोडेस्मियम हा पण सायनोबॅक्टेरियाच, त्याच अरबी समुद्रात उन्हाळ्याच्या तोंडाला लाकडाच्या भुश्शासारखा तवंग येतो तो त्याचा. जिनोम जवळपास ७७ लाख बेस जोड्यांचा आणि त्यातला फक्त ६० टक्क्यांच्या आसपास प्रोटीनसाठी, बाकी सगळं मोकळं रान. तेच गरम, अन्नाला दुर्मिळ पाणी आणि तरी हा ऐसपैस! तो हवेतला नायट्रोजन स्वतः स्थिर करतो, पेशींच्या गुच्छात राहतो, जगण्याची पद्धतच वेगळी. आणि रोझिओबॅक्टर गटातले रुगेरियासारखे बॅक्टेरिया ४५ लाखांचा जिनोम बाळगून असतात, शेवाळाला चिकटून राहायचं, अन्न सापडलं की पटकन वाढायचं, नसलं की वाट बघायची, त्यासाठी भरपूर जीन्स पाळायचे. सार-११ ला तसं वळताच येत नाही, परिस्थिती ओळखून जीन्स चालू-बंद करायची यंत्रणाच त्याच्याकडे फार थोडी आहे. म्हणून तर १९९० साली डीएनएवरून ओळख पटली तरी लॅबमधे वाढवायला २००२ उजाडलं.

आबोली:
हे अरबी समुद्राचं आणि ट्रायकोडेस्मियमचं दोन्ही घेते. मी विचार करतेय की नुसतं सांगण्यापेक्षा मुलांना प्रॅक्टिकल द्यावं. आमच्याकडे मोठी कॉम्प्युटर लॅब नाही, काय करून घेता येईल?

शेवाळ:
मोठं काही लागत नाही ताई. जीनबँक या जिनोमांच्या ऑनलाइन साठ्यावरून पेलाजिबॅक्टर, मेड४, एमआयटी९३१३, ट्रायकोडेस्मियम आणि लेप्री असे पाच जिनोम उतरवून घ्या, फुकट आहेत. प्रत्येकाचं जीसी प्रमाण, एकूण लांबी, जीन्सची संख्या आणि किती टक्के भाग प्रोटीनसाठी आहे एवढं काढायला सांगा, मग दोन जीन्समधल्या अंतराचा मध्यक. गटागटाने करा आणि कुठला जिनोम कोणाचा ते आधी सांगू नका, आकड्यांवरून त्यांनीच ओळखायचं की हा कुठे आणि कसा राहत असेल. लेप्री आणि पेलाजिबॅक्टर हे दोन वेगळे पडलेले कोणालाही दिसतील. त्यानंतर कॅटालेजचा जीन सगळ्यांत शोधायला लावा. मेड४ ची फाइल पावणेदोन एमबीच्या आत आहे, मोबाईलवर पण उघडते.

पंतोजी:
आणि यादीत बुकनेरा नक्की घाला. ती आणि पेलाजिबॅक्टर फक्त जीसी प्रमाणावरून वेगळे ओळखता येणार नाहीत, अमिनो आम्लांच्या जीन्सची यादी काढावी लागेल. बुकनेराने माव्याला लागणारे तेवढे मार्ग राखलेत, बाकीचे सोडलेत.